टकळी पेठ दुपारी का थांबते

या, सावलीच्या कडेनं चला आणि कान उघडे ठेवा. ही आमची टकळी पेठ. सोलापुरात पेठा पुष्कळ, पण एका हाकेच्या अंतरात चार भाषा ऐकू येतात अशी हीच. डाव्या हाताला तेलुगू बोलणारे पद्मशाली, ते हिरवं दार मोमिनांचं, पुढे गिरणीपाशी कानडी घरं, आणि मधूनमधून आम्ही मराठी, आमटीत मोहरी पडावी तसे. ही जी खडखड चाललीय ना, ती आत्ताच ऐकून घ्या. शाळा सुटायच्या जरा आधी ती एकदम थांबेल. वीज गेलेली नसेल, कुणी मेलेलंही नसेल. माग, गिरणी, शिलाईचं मशीन, सगळं थांबेल आणि माणसं जागच्या जागी उभी राहतील. मग थोड्या वेळानं पुन्हा सुरू. नवीन माणूस घाबरतो. घाबरण्यासारखंच आहे, पण कशाला ते सांगते.

"आजी, पाहुण्यांना बसवून तरी सांगा!" तो बघा, यासीन बेकरीवाला.

"बसले की झोपतील. तू तुझी खारी सांभाळ, काल जळकी दिलीस."

तर ही गोष्ट घडली तेव्हा इथे वीज नव्हती. घरोघरी खड्ड्याचा माग असायचा. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून विणणारा बसणार आणि पायांनी पावड्या दाबत राहणार. अख्ख्या पेठेचे पाय जमिनीत, असं माझी सासू म्हणायची. दिवसभर भुई धडधडायची.

असं सांगतात की एका साली देवीची साथ आली. घरोघर अंगं फुलली, माणसं दारं लावून बसली. नरसव्वा नावाच्या पद्मशाली बाईचा एकुलता एक राजय्या तापानं फणफणला. ती पोचम्माला, म्हणजे त्यांच्या देवीला, नवस बोलली: "तुला साडी विणते. पहिला धोटा टाकला की पदर पुरा होईपर्यंत माग थांबू देणार नाही. पण माझं लेकरू मला ठेव." मग ती आणि तिचा नवरा लिंगय्या आळीपाळीनं मागावर बसू लागले. एकानं उठायच्या आधी दुसऱ्यानं पाय पावडीवर ठेवायचा. धोट्यातली सुताची कांडी संपली तर बदलायची, तेवढीच काय ती सूट.

साडी अर्ध्यावर आली असेल नसेल, तोच भरदुपारी कादर मोमिनाची धाकटी मुलगी जुलेखा दिसेनाशी झाली. गल्ली धुंडाळली, विहीर पाहिली. कुठेच नाही. तेवढ्यात संगव्वा नावाची कानडी म्हातारी अंगणात भांडी घासताना दचकून उठली. भुईतून रडणं आलं होतं! आलं, आणि मागांच्या धडधडीत बुडालं.

ते रडणं पेवातलं. आता पेव म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नसेल. विणकर यायच्या आधी इथे धान्याचे व्यापारी राहायचे. ज्वारी साठवायला त्यांनी जमिनीखाली मोठाली पेवं खणलेली. पुढे त्यांच्यावरच घरं उठली आणि कुठलं पेव कुठे, हे सगळे विसरले. त्यातल्याच एकाचं तोंड पोरीच्या पायाखाली खचलं, आणि वरची माती ढासळून ते पुन्हा बुजलंही. पेवातली हवा वाईट. आत अडकलेला माणूस फार वेळ टिकत नाही. खणायचं तर होतं, पण कुठे? आवाजाचा माग काढायचा तर भुई गप्प हवी.

"मग्गम आपंडी!" पद्मशाल्यांनी हाळी दिली. भिंतीपलीकडे तीच "मग्ग निल्लिसिरी!" झाली, त्यापुढे "माग रोको!", मग "माग थांबवा!" एक भाषा जिथे संपली तिथून दुसरीनं हाक उचलली. एकेक माग थांबत गेला. शेवटी एकच उरला. खट... खट... नरसव्वाचा.

पेठेतले सगळे बाप्ये तिच्या दारापर्यंत आले आणि तिथेच खिळले. माग थांबव म्हणणं म्हणजे तिच्या पोराचा जीव मागणं. कोण म्हणणार? जुलेखाची आई अमीना आली, पायरीवर बसली. तीही काही बोलेना.

लिंगय्या दार अडवून उभा राहिला. "जा इथून. माझं पोर आत पडलंय."

संगव्वा पुढे झाली. "लिंगय्या, तुझ्या पोचम्माला कान आहेत का नाहीत? हा खटका तिला ऐकू जातो, तर त्या पोरीचं रडणं जात नसेल?"

"म्हातारे, तुझं काय जातंय बोलायला? तुझं थोडंच पोर आहे!"

"म्हणून तर बोलतेय. जिचं आहे तिच्या तोंडून शब्द फुटतोय का बघ."

आत नरसव्वा विणत होती. तिनं दाराकडे, अमीनाकडे पाहिलं. मग बाजेकडे, राजय्याकडे पाहिलं. आणि पाय वर घेतले.

पेठेत अशी शांतता कधी कुणी ऐकली नव्हती म्हणे. त्या शांततेत नरसव्वाच्याच मागाच्या खड्ड्यातून बारीक हुंदका आला. तिनं खड्ड्यात डोकं घातलं आणि ओरडली, "इक्कडे! इथंच आहे!" खणायला जागा हवी म्हणून माग उखडला, ताण्याचं उभं सूत कापून टाकलं. खड्ड्याची भिंत फोडली तशी आतून कुबट वाफ आली, आणि मातीच्या रंगाची जुलेखा बाहेर आली. आधी तिला रडताच येईना. मग रडली.

पोर वाचली, पण नवस मोडला. संध्याकाळी राजय्यानं आईला ओळखलं नाही. नरसव्वा दाराला पाठ लावून बसली. "ती येणार. कुणाचा माग थांबला, ते बघायला ती येणार."

तेव्हा अमीना बोलली. "येऊ दे. उद्या त्याच वेळेला माझ्या घरचे माग थांबतील. तिला दोन दारं दिसतील."

"तिसरं माझं," संगव्वा म्हणाली.

घरोघर निरोप गेला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सगळी पेठ थांबली. देवी रागावून आली, तरी दार कुणाचं वाजवणार? सांगतात की त्या शांततेत गल्लीतून पैंजण वाजत गेले. दर दाराशी थबकले. आत माणसांनी लेकरांच्या तोंडावर हात ठेवले होते. पैंजण शेवटच्या घरापर्यंत गेले, परत फिरले, पुन्हा दर दाराशी थबकले. मग ऐकू येईनासे झाले.

राजय्या जगला. एक डोळा गेला. तो रोगानं गेला की दंड म्हणून देवीनं नेला, यावर आमच्यात अजून दुमत आहे. पण नरसव्वा मरेपर्यंत म्हणायची, "एका डोळ्यावर तिचं भागलं असेल कशावरून? शोधत असेल अजून." म्हणून थांबणं बंद करायची छाती कुणाला झाली नाही. आधी कोण बंद करणार? ज्याचा माग चालू राहील त्याला काही होणार नाही, पण बाकीच्यांत राजय्याला लपायला एक दार कमी होईल.

आता तीच धास्ती आहे. माग विकले गेले, टॉवेलचे कारखाने उठले, माणसं पुण्याला गेली. लपायला दारं उरली थोडी. म्हणून आजही, माग नसला तरी ज्याच्या घरात जे वाजतं ते तो थांबवतो. गिरणीवाला पट्टा उतरवतो, शिंपी पाय उचलतो, रिक्षावाला इंजिन बंद करतो. आणि हा यासीन पीठ मळायचं यंत्र...

ऐका. थांबलं.

पोरी, तो कॅमेरा बंद कर. पाय वाजवू नका. भिंतीशी उभे राहा, आमच्यासारखे. आज पेठेत तुम्ही चौघं जास्त आहात, तेवढाच नरसव्वाच्या लेकराला आडोसा.