मामाचं टाकं

करवंदवाडीच्या वरच्या अंगाला, डोंगर सुरू होतो तिथे, काळ्या कातळात खोदलेलं एक टाकं आहे. तान्हं मूल निजवावं एवढंच. पाणी कुठून येतं ते दिसत नाही, पण वैशाखातही ते आटत नाही आणि पौषाच्या थंडीत हात घातला तर कोमट लागतं. पाहुणे आले की वाडीतले म्हातारे लहानूबाबा लांघी त्यांना इथे आणतात आणि आधी चपला काढायला लावतात. 'इथं देव नाही,' असंही सांगतात. 'एका माणसाचं भेव आहे.'

वाडीत चिमा नावाचा पाथरवट होता, असे सांगतात. जाती, पाटे-वरवंटे घडवायचा. घरात म्हातारी आई आणि धाकटी बहीण येसू. येसू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तिला मुलगी झाली, आणि त्याच महिन्यात तिचा नवरा तापाने गेला. ती माहेरीच राहिली. चिमाला भाचीचा फार लळा. नखांतली दगडाची भुकटी काढून मगच तो तिला घ्यायचा. 'दादा, ती पाटा नाही, जरा हलक्या हातानं,' असं येसू त्याला चिडवायची.

सातव्या महिन्यात मुलगी लाळ गाळू लागली, दिसेल ते चावू लागली. येसू बोटाला ओलं फडकं गुंडाळून रोज तिच्या हिरड्या पुसत असे. एका सकाळी फडक्याखाली टोचलं. वरच्या हिरडीत दोन दात आले होते. खालची हिरडी अजून मऊ होती.

वरचे दात आधी आले की मामाच्या जिवावर येतं, अशी समजूत तेव्हा होती. ती पुरती गेली आहे असं आजही म्हणवत नाही. म्हातारीने हाय खाल्ली. तिला एकच मुलगा. वाडीतली जाणती माणसं जमली आणि ठरलं, की खालचे दात येईपर्यंत मुलगी मामाच्या नजरेला पडू नये, मामाने तिला शिवू नये. मायलेकींना ओढ्यापलीकडच्या खोपीत ठेवलं. पौष महिना होता. एवढ्याशा जिवाला थंडी बाधेल हे कुणाच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, पण बोललं कुणी नाही. चिमाही बोलला नाही. तो भ्याला होता. डोक्यावर दगड पडेल म्हणून खाणीवरही जायचा थांबला होता.

दहाव्या दिवशी मुलीला ताप भरला. हिरड्या सुजल्या, ती अंगावर पिईना. वैद्य घाटाखाली होता. मूल घेऊन घाट उतरायला वाट ठाऊक असलेला धडधाकट गडी हवा, म्हणून येसू दारोदार फिरली. सगळ्यांनी अंग काढून घेतलं. शेवटी भर दुपारी ती भावाच्या दाराशी आली. दार आतून लावलेलं होतं. ती बराच वेळ उभी राहिली, म्हणे. मुलगी कण्हत होती, तेवढाच आवाज. मग आतून चिमा बोलला.

'खालचे येऊ दे येसू. मग मी नेतो.'

ती परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी गेली.

आता भिण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा मातीत ठेवायला चिमाला बोलावलं. त्याने मुलीला उचललं. तोंड जरासं उघडं होतं. त्याने खालच्या हिरडीवरून बोट फिरवलं, आणि बोटाला टोचलं. दोन दात आले होते. तापात मुलगी तोंडाला हात लावू देत नव्हती, म्हणून येसूलाही ते कळलं नव्हतं. जमलेल्यांत कुणीतरी म्हणालं, दोष टळला. येसूने भावाकडे पाहिलं.

'दादा, तू आता खूप जग.'

एवढं बोलून ती निघून गेली. पुन्हा तिला कुणी पाहिलं नाही.

आणि चिमा जगला. जिथे भाची पुरली, त्याच्या शेजारच्या कातळाला त्याने छिन्नी लावली. पटकी आली, वाडी अर्धी झाली, तो उरला. म्हातारी गेली, जाणती माणसं गेली, त्यांची मुलं म्हातारी होऊन गेली. चिमा खोदत राहिला. कातळ वर्षाला नखभर सरायचा आणि पाणी काही लागेना. शंभरी उलटली तरी त्याला मरण आलं नाही, असे सांगतात. मग एका पौषात त्याने छिन्नी बाजूला ठेवली, धोतराचं टोक फाडून बोटाला गुंडाळलं आणि कोरड्या दगडावरून हळूहळू फिरवलं, हिरडी पुसावी तसं. फडकं ओलं झालं. सकाळी लोकांनी पाहिलं, तर टाकं भरलेलं होतं आणि चिमा काठाला डोकं टेकून गेलेला होता.

आजही करवंदवाडीत मुलाचा पहिला दात दिसला की आधी मामाला निरोप जातो. तो नाशकाला कारखान्यात असला तरी रजा टाकून येतो. दात वरचा की खालचा, हे विचारलेलं लहानूबाबांना खपत नाही. मामा भाच्याला मांडीवर घेतो, धुतलेलं फडकं टाक्यात भिजवून दात पुसतो आणि त्याच टाक्यातलं ओंजळभर पाणी पितो.

आणि आजही भाऊबीजेला इथल्या बहिणी भावांना ओवाळतात, टिळा लावतात, पण औक्ष मागत नाहीत. ती वेळ आली की हातात ताट धरून गप्प उभ्या राहतात, आणि भाऊ मान खाली घालून बसून राहतात.