सुघोषाची भेरी

पूर्वी वैरंती नगरीत रत्नकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगरभेरी वाजवणाऱ्याच्या कुळात जन्माला आले. त्यांचे नाव सुघोष. नदीला उतार कुठे, गुरांत रोग कुठे, कोणाचे मूल हरवले, हे लोकांना त्यांच्या भेरीच्या दवंडीवरून कळे. त्यासाठी राजकोठारातून त्यांना धान्य मिळे.

राजाला पुत्र नव्हता. नागरिकांनीच युवराज निवडावा असे ठरले, तेव्हा कोषाध्यक्ष म्हणाला, "महाराज, आता भेरीने आपले पोट आपणच भरावे. युवराज होऊ पाहणारे, पैसे देऊन आपली कीर्ती गाऊन घेणारे पुष्कळ आहेत."

राजाने मान डोलावली. धान्य थांबले.

लगेच वसुभद्र श्रेष्ठी सोन्याची थैली घेऊन सुघोषाच्या दारी आला. त्याला युवराज व्हायचे होते.

"रोज माझे गुण सांग. इतरांचे नाव घेऊ नकोस."

"श्रेष्ठी, युवराजपदासाठी जे उभे आहेत त्या सर्वांची नावे मी सांगणारच आहे. तुमचेही. त्याला मोल नाही."

वसुभद्र हसत परतला आणि त्याने चौकाचौकात भाड्याचे ढोलवाले उभे केले.

सुघोषाच्या घरी पेजेवर दिवस निघू लागले. पत्नी चारुमती म्हणाली, "थैली ठेवून घेतली असती तर?"

"मग माझे खरे कोणी मानले असते?"

चारुमती म्हणाली, "तर वाजवा. पण जोरात वाजवा."

पुढे नदी फुगली. राजाने नुकत्याच बांधलेल्या बांधाला तडा गेलेला सुघोषाने स्वतः जाऊन पाहिला. "बोभाटा करू नकोस, महाराजांची नाचक्की होईल," असे बांधावरचा अधिकारी सांगत राहिला. सुघोष थेट चौकात येऊन भेरी वाजवू लागले.

"राजाचा बांध फुटतो आहे! खालच्या आळीने टेकडी गाठावी!"

ढोल बडवले जातच होते. पण हा आवाज ओळखून लोकांनी मुले उचलली, गुरे सोडली. बांध फुटून आळी बुडाली. माणूस एकही दगावला नाही.

राजाने सुघोषाला बोलावले. "भर चौकात माझी शोभा केलीस?"

"होय महाराज. कोठारातले धान्य लोकांनी पिकवलेले. ते खाऊन मी लोकांची चाकरी केली. पुन्हा दिलेत तरी असाच बोलेन. देणार असाल तर हे जाणून द्या."

राजाने खिडकीबाहेर पाहिले. समोर टेकडीवर आळीतल्या चुलींचा धूर दिसत होता.

"धान्य द्या," तो कोषाध्यक्षाला म्हणाला. "आणि भेरी काय बोलली म्हणून ते कोणी थांबवायचे नाही. मीसुद्धा."

एवढी कथा सांगून शास्ते, म्हणजे स्वतः बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. चारुमती म्हणजे राहुलमाता. वसुभद्र म्हणजे तो मागे बसलेला श्रेष्ठी. या जन्मी तो ऐकायला आला आहे. आणि भेरी माझ्या हाती होती. सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात ती ही."