नावाखालची जागा

फलटणच्या दौलतराव थोपट्यांना स्वतःच्या नावाचं भारी कौतुक. त्यांच्या प्रत्येक ट्रकच्या पाठीवर ते पिवळ्या ठळक अक्षरांत झळकायचं आणि दर दसऱ्याला पेंटर त्यावर नवा रंग चढवायचा.

यंदा पेंटर आला तेव्हा दौलतराव भडकलेले होते. घाटात त्यांच्या हैदर ड्रायव्हरच्या ट्रकची एका दुचाकीला धडक बसली होती. हैदर पळाला नाही. त्याने मागून येणाऱ्या गाड्यांना इशारा म्हणून ट्रकच्या मागे फांद्या टाकल्या, जखमी माणसाला दवाखान्यात पोचवलं आणि स्वतःच पोलिसांना खबर दिली. या सगळ्यात गाडीतले टोमॅटो सडून गेले.

मालकांनी सगळ्या ड्रायव्हरांना जमवून फर्मान सोडलं, "यापुढे धडक बसली की थांबायचं नाही. गाडी सरळ इथे आणायची. बाकीचं मी बघतो!"

हैदर शांतपणे म्हणाला, "चालेल, मालक. पेंटर आलाच आहे. तुमच्या नावाखाली लिहून घ्या, ही गाडी धडक देऊन थांबत नाही."

"माझ्या नावाखाली? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"न लिहिताही वाचतीलच की. पळणाऱ्या गाडीची पाठच दिसते, मालक. रस्त्यात पडलेल्या माणसाला तुमचं नाव तेवढं दिसत राहतं."

पेंटर ब्रश धरून थांबला होता. दौलतराव उठले, ट्रकच्या मागे गेले आणि धुळीत उकिडवे बसून खालून आपलं नाव वाचत राहिले.

मग हलक्या आवाजात म्हणाले, "हैदर, त्या जखमी माणसाचं नाव काय रे?"