बुडापासून ढवळलेल्या माडग्याची कहाणी

ऐक, चुलीमाई, तुझी कहाणी. एक होतं आटपाट नगर. तिथं बहिरू नावाचा गरीब कुणबी राहत होता. त्याची आई होती, साळू नावाची बायको होती, पाळण्यात तान्ही लेक होती. घरात कुळीथ तेवढे होते. सासू ते भरडून माडगं शिजवी. माडगं निवलं की घट्ट तळाशी बसे, पाणी वर राही. मग सासू काय करी? ओगराळं बुडाशी घालून लेकाला घट्ट वाढी. सुनेला वरचं पाणी देई, स्वतःही वरचं पाणीच घेई. घराची चालच तशी होती.

मग साळूचं दूध आटलं. लेक रडरड रडली, मग रडायचीही थांबली. साळूच्या काळजाचं पाणी झालं.

आदितवारी दारी म्हातारी आली. "बाई, भूक लागली, माडगं वाढ." सासूनं वरचं पाणी वाढलं. म्हातारी म्हणाली, "यानं तर चूळ भरावी!" आणि निघून गेली. दुसऱ्या आदितवारी आली, तसंच झालं. तिसऱ्या आदितवारी आली. मग साळू उठली, सासूच्या हातचं ओगराळं घेतलं, मडकं बुडापासून ढवळलं.

सासू ओरडली, "अगं अवदसे, उद्या नांगर कोण धरील? तू, की ही थेरडी?"

"आत्याबाई, तुमची नात कोण जगवील?"

सासू चुलीपासून बाजूला सरली. साळूनं आधी म्हातारीला वाढलं, मग सासूला, मग नवऱ्याला, मग स्वतःला घेतलं. सगळ्यांना सारखं.

बहिरूला माडगं आज पातळ लागलं, तेव्हा उमगलं. म्हणाला, "आये, तू रोज पाणीच पीत होतीस?"

म्हातारी तृप्त झाली. म्हणाली, "मुली, मी चुलीमाई. माझा वसा घे. आदितवारी माडगं करावं, बुडापासून ढवळावं, दारच्या भुकेल्याला आधी द्यावं, मग घरात सारखं वाढावं." आणि दिसेनाशी झाली.

साळूनं वसा घेतला. मग पान्हा फुटला, लेक चुटूचुटू प्यायली. बहिरूचा नांगर काही थांबला नाही.

सासूनं मात्र त्या दिवशी पहिल्याच घोटाला डोळ्यांना पदर लावला होता. "सूनबाई, माडगं रांधण्यात जन्म गेला माझा. चव आज कळली गं."

जशी चुलीमाई त्या दोघींना पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरीं सांगितली, ऐकणारीला सुफळ होवो.