चिंचोक्यांचा डबा आणि टॅब

दुसरीच्या वर्गात नवा टॅब आला, त्या वेळची ही गोष्ट. कपाटातला चिंचोक्यांचा डबा त्याला म्हणाला, "अरे, मुलं मोजतच नाहीत. बरोबर उत्तर लागेपर्यंत तुझ्या काचेवर नुसती बोटं मारत बसतात. एकदा तरी 'चुकलं' म्हण की!"

"चुकलं म्हटलं की ती रडतात," टॅब गोड आवाजात म्हणाला. "मी थांबतो आणि शेवटी 'शाब्बास' म्हणतो."

एके दिवशी टॅबचं चार्जिंग संपलं. कालिंदीबाईंनी विचारलं, "सात आणि दोन किती रे?"

सगळी मुलं एकेक बोट उचलून समोरच्या हवेत टोचू लागली. बाईंनी घाबरून डबा बाकावर उपडा केला. मुलं एकेक चिंचोका दाबून बघू लागली.

तेवढ्यात बंद टॅबच्या काळ्या काचेतून हळूच आवाज आला, "शाब्बास!"

तेव्हा कुठे मुलं हसली.