बिनशाईचं देऊळ

कोरा कागद हातात दिला म्हणून तोंडं पाडू नका, मंडळी. दरवेळी हेच. लग्न होऊन या परमुलखातल्या गावात आले त्याला आता उभा जन्म झाला, केस पांढरे झाले, पण आपल्याकडची माणसं या मिनेओ-जी देवळात आली, की कुणीतरी विचारतंच, "ताई, यावर छापायचं राहिलं वाटतं?" काही राहिलेलं नाही. समोरच्या याच देवळाचं चित्र आहे ते. लाकडाच्या ठशावरून काढलेलं, फक्त शाई न लावता. फोटोत ते येत नाही, तेव्हा मोबाईल खिशात ठेवा, डोळे मिटा आणि बोट फिरवा. पायऱ्या लागतील, खांब लागतील.

हे असं का, ते मला माझ्या सासूबाईंनी सांगितलं, त्यांना त्यांच्या सासूने. खरंखोटं ही आतली कन्नोनच जाणे. कन्नोन म्हणजे आपल्याकडचा अवलोकितेश्वर. इथे आला आणि आई झाला.

फार जुनी गोष्ट. या चढाच्या पायथ्याशी गेनबेई नावाचा ठसे कोरणारा राहायचा. बायको ओतोसे. मूल होत नव्हतं, म्हणून त्याने इथे नवस बोलला म्हणे, की पदरात मूल टाक, तुझं देऊळ असं कोरीन की लांबलांबच्या लोकांना घरबसल्या दर्शन होईल. उतारवयात मुलगी झाली. चियो. गेनबेईला जग ठेंगणं झालं.

नवस फेडायचा म्हणून इथल्या जाकुएन नावाच्या म्हाताऱ्या भिक्षूंनी देवळाचं चित्र काढून दिलं. आता या कामाची रीत अशी, की चित्राचा कागद फळीवर उपडा चिकटवायचा आणि त्याच्यासकट लाकूड कोरायचं. चित्र संपतं, रेघ तेवढी लाकडात उरते. हा झाला मुख्य ठसा. मग प्रत्येक रंगाचा वेगळा. गेनबेईने सगळे ठसे कोरले, आणि त्याच सुमारास जाकुएन वारले. म्हणजे त्यांच्या हातची रेघ आता त्या एका फळीतच होती.

त्या हिवाळ्यात बर्फ पडायला लागला तो थांबेचना. दार उघडेना, खिडक्या बुजल्या. देऊळ हाकेच्या अंतरावर, पण हाक पोचायची नाही. त्यातच चियोला ताप चढला. घरातली लाकडं संपली. गेनबेईने मांडणी जाळली, झाकणं जाळली, शेवटी कामाचा पाटही जाळला. पोरीची थंडी काही जाईना. काय करणार हो बिचारा?

मग त्याने रंगांचे ठसे काढले. आधी झाडांचा हिरवा, मग आभाळाचा निळा, मग खांबांचा लाल. एकेक करून शेगडीत घातले. मुख्य ठसा मात्र बाजूला ठेवला. सगळ्यांत जाड, सगळ्यांत सुकं लाकूड तेच होतं. ओतोसे म्हणाली, "आधी तो घाला. खोली एकदा तापू द्या."

गेनबेई कारागिराच्या अकलेने बोलला, "रेघ राहिली तर रंग पुन्हा करता येतात गं."

"आणि पोर गेली तर?" ओतोसे म्हणाली. "ती कुठल्या रेघेवरून करणार?"

पण नवसाची वस्तू, मेलेल्या माणसाच्या हातचं काम, त्याचा हात धजेना. बारीक ठसे भराभर जळून गेले आणि खोली पुन्हा गारठली. तेव्हा कुठे त्याने तो ठसा उचलला. चियो म्हणाली, "बाबा, मला देऊळ दाखवा ना." शाई गोठून दगड झाली होती. त्याने बर्फाच्या पाण्यात कागद भिजवला, ठशावर पसरला आणि हाताने घासला. कागदावर रेघा नुसत्या उठून आल्या. पोरीला डोळे उघडवत नव्हते. आईने तिचं बोट धरून छपराच्या टोकावर ठेवलं, आणि ती आपली आपण ते पुढे सरकवायला लागली. गेनबेईने ठसा शेगडीत घातला.

जाडजूड लाकूड ते. छान पेटलं, खोली उबदार झाली. पण फार उशीर झाला होता. पोर गेली, आणि ठसा अजून जळतच होता. ते मला सांगवत नाही, तरी दरवेळी सांगावं लागतं.

बर्फ वितळल्यावर गेनबेईने तो कागद देवळात आणून ठेवला. भिक्षू म्हणाले, यावरून नवा ठसा कोर, आपण रंगीत छापू. त्याने ठसा कोरला. शाई मात्र कधी लावू दिली नाही, असं सांगतात.

आजही ठसा झिजला की त्या जुन्या कागदावर बोट फिरवूनच नवा कोरतात. ओल्या कागदावर चियोचं बोट जिथून गेलं, तिथली रेघ दबून सपाट झाली होती. ती तशीच सपाट ठेवतात; इतक्या पिढ्यांत कुणी भरून काढलेली नाही. छपराच्या डाव्या टोकाला बोट ठेवा आणि हळूहळू पुढे न्या. काही लागत नाही ना? अजून पुढे. हं, आता लागली रेघ? तिथवर ती आली होती.