खुणेचं पोस्टकार्ड

"लेखनिक इथे थांबला, हे तुला कशावरून कळलं?" हिवाळे गुरुजींनी विचारलं.

मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा अर्थ कसा लावावा, हे गुरुजी आम्हाला धर्मशिक्षण विद्यालयात शिकवायचे. माझ्या निबंधाची वही त्यांच्या पुढ्यात होती. प्रेषित पौल पत्रं तोंडी सांगायचा, लेखनिक ती उतरवून घ्यायचा, आणि शेवटची ओळ कधीकधी पौल स्वतःच्या हाताने लिहायचा. ती ओळ कशी ओळखावी, यावर मी दोन वर्षं घासली होती.

"बोलण्याची ठेवण बदलते, गुरुजी. शब्द तुटक होतात. माणूस एकदम जवळ येऊन बोलतो. लक्ष असलं की दिसतं. वर्गातल्या बाकीच्यांना दिसत नाही, त्याला मी काय करू?"

शहाणपण नुसतं उतू चाललं होतं माझं. आज आठवलं तरी कान तापतात.

गुरुजी पानं उलटत राहिले. मधेच एक पोस्टकार्ड निघालं.

"हे?"

"आईचं. खुणेला घातलंय."

"कधी आलं?"

"झाले... दोनेक महिने."

त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं. "वाच की. तुझ्याच पद्धतीने."

मला हसू आलं. म्हाताऱ्याला आज थट्टा सुचतेय, असं वाटलं. मी घडाघडा वाचलं. घरी सर्व क्षेम. शेळी व्याली, दोन करडं आहेत. ज्वारी बरी आहे. अभ्यास सोडून येऊ नको. काळजी नसावी.

"अर्थ?"

"अर्थ कसला, गुरुजी? नेहमीचंच. सगळं ठीक आहे."

"अक्षर कोणाचं?"

मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. "शेजारच्या रत्नमालाचं दिसतंय."

"आईला लिहिता येत नाही?"

"येतं ना. सातवी शिकलीय. नेहमी तीच..."



"शांतवन," गुरुजी हळू म्हणाले, "तळाशी बघ."

तळाशी काहीतरी गिरबटलेलं होतं. मी तो शाईचा डाग समजलो होतो. अक्षरं एकमेकांवर चढली होती, शेवटचं तर कार्डाच्या कडेवरून खाली गेलं होतं. न बघता लिहावं तसं. रत्नमाला कार्ड लिहून उठली असेल, आणि मग आईने चाचपडत पेन शोधलं असेल.

ये रे. एवढंच होतं.

"दिवाळीत म्हणाली होती," मी म्हणालो, "डोळ्यांपुढे धुकं येतं म्हणून. मी म्हटलं... चष्मा बदल."

 मला गुरुजींकडे बघवेना. वडील गेल्यापासून ती घरात एकटी होती, आणि मी तिचं बोलावणं बावन्न आणि त्रेपन्न पानांच्या मधे दाबून ठेवलं होतं. लाज वाटली. इतकी की रडूही धड येईना.

मी वही ओढून घेतली. "हा निबंध मी फाडून टाकतो, गुरुजी."

गुरुजींनी ती माझ्या हातातून काढून घेतली, पानं सारखी केली आणि मिटून ठेवली.

"कशाला? त्यात एकही चूक नाही."